नगरसेविकेचे मासिक पत्र: पहिल्या चार अंकांचे परीक्षण

आमच्या प्रभागाच्या नगरसेविका दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रहिवाशांसाठी चार पानांचे छापील पत्र काढतात. अशा पत्रकांच्या पहिल्या पानावर बहुधा भूमिपूजनाचे छायाचित्र असते. जूनच्या अंकात त्या जागी एक दुरुस्ती छापलेली होती: “शाळेमागील मलवाहिनीच्या कामाचा कार्यादेश दिला गेल्याचे मी मे महिन्याच्या अंकात लिहिले होते. ते चुकीचे होते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली गेली आहे. करारनामा आणि कार्यादेश अद्याप बाकी आहेत.” हा मजकूर वाचल्यावर मी या पत्राचे सविस्तर परीक्षण लिहायचे ठरवले. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात मी २६ वर्षे नोकरी केली असल्यामुळे निविदा स्वीकारणे आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) देणे यांमध्ये किती काळ जाऊ शकतो हे मला ठाऊक आहे, आणि हा फरक रहिवाशांना स्वतःहून समजावून सांगणारे लोकप्रतिनिधी मला फार थोडे भेटले आहेत.

नगरसेविकेचे, प्रभागाचे आणि शहराचे नाव मी मुद्दाम देत नाही. नाव दिले की वाचणारा प्रथम पक्ष शोधतो आणि मग मजकुराकडे त्याच चष्म्यातून पाहतो. मला परीक्षण करायचे आहे ते एका सेवेचे: निवडून आलेल्या सदस्याने आपल्या भागातील लोकांना महानगरपालिकेच्या कारभाराची माहिती देणे ही ती सेवा. ती कशी असावी याचा विचार इतर शहरांतील वाचकांनाही करता यावा, एवढ्यासाठी तपशील मात्र पुरेसे देत आहे.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले, त्यात आमचे शहरही होते. त्यापूर्वी अनेक शहरांत दीर्घकाळ प्रशासकांची राजवट होती. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर येथे २०२० पासून, तर मुंबई आणि पुणे येथे मार्च २०२२ पासून लोकनियुक्त सभागृहच नव्हते. या काळात निर्णय होत राहिले, अंदाजपत्रकेही मंजूर झाली. परंतु ज्या ठरावांवर एरवी सभागृहात चर्चा झाली असती, वर्तमानपत्रात बातमी आली असती आणि कोणीतरी नगरसेवकाला चौकात गाठून जाब विचारला असता, ते ठराव सामान्य माणसापर्यंत पोहोचण्याची वाट जवळजवळ बंद झाली होती. त्यामुळे नव्या सदस्यांकडून काम तर अपेक्षित होतेच, पण माहिती त्याहून अधिक अपेक्षित होती. मार्चमध्ये पहिला अंक दारात आला तेव्हा आमच्या इमारतीतील लोकांनी तो एकमेकांकडून मागून घेऊन वाचला, हे मी पाहिले आहे.

पत्राचे बाह्य रूप साधे आहे. कागद पांढरा, छपाई एका रंगाची, अक्षर मोठे. ज्येष्ठ नागरिकांना चष्मा शोधावा लागू नये इतके मोठे, असे म्हटले तरी चालेल. वृत्तपत्र विक्रेत्यांमार्फत ते घरोघरी येते, आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आणि सुमारे नऊ मिनिटांची ध्वनिफीतही येते, ज्यात नगरसेविका स्वतःच्या आवाजात मुख्य मजकूर वाचून दाखवतात. शेजारच्या आजींची दृष्टी अधू झाली आहे. त्या ही ध्वनिफीत दोनदा ऐकतात आणि मग मला प्रश्न विचारतात. शेवटच्या पानाच्या तळाशी छापील प्रतींची संख्या आणि छपाईचा खर्च दिलेला असतो, व तो खर्च महानगरपालिकेच्या निधीतून केलेला नाही असेही नमूद असते. ही ओळ प्रत्येक अंकात असावी, कारण लोकांच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो.

या पत्राचा खरा कणा आहे तिसऱ्या पानावरील तक्ता. प्रभागातील प्रत्येक कामासाठी त्यात एक ओळ असते आणि ते काम कोणत्या टप्प्यावर आहे हे खूण करून दाखवलेले असते. टप्पे असे: मागणी, स्थळपाहणी, पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), तांत्रिक मान्यता, प्रशासकीय व आर्थिक मान्यता, निविदा, स्थायी समितीची मंजुरी, कार्यादेश, काम सुरू, मोजमाप आणि देयक. हे शब्द रहिवाशांना अवघड वाटतील अशी भीती मलाही वाटली होती. मार्चच्या अंकात त्यांचा अर्थ प्रत्येकी एकेका ओळीत सांगितलेला होता, आणि एप्रिलपासून तो पुन्हा दिलेला नसतानाही लोक अडखळत नाहीत, कारण आपल्या गल्लीच्या कामाची ओळ कोणती आणि ती मागील महिन्यापेक्षा पुढे सरकली की नाही, एवढे पाहणे कोणालाही जमते. एखादी ओळ दोन महिने एकाच खान्यात थांबली असेल, तर शेवटच्या खान्यात त्याचे कारण लिहिलेले असते: “लेखाशीर्षात शिल्लक नाही”, “पूर्वगणनपत्रक दुरुस्तीसाठी परत”, “रस्ता खोदण्याची परवानगी प्रलंबित”.

या कारणांच्या खान्यालाच मी सर्वाधिक गुण देईन. काम झाले की ते डोळ्यांना दिसतेच. ते सांगायला वेगळे पत्र लागत नाही. काम होत नसते तेव्हा मात्र रहिवासी पूर्णपणे अंधारात असतो. कनिष्ठ अभियंत्याला विचारावे तर ते सांगतात की प्रस्ताव वर गेला आहे; वर विचारावे तर सांगतात की लेखा विभागात आहे; आणि लेखा विभागात रहिवाशाला विचारणार कोण? मी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला अनेक वर्षे बसलेली आहे. तरतूद संपलेल्या लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या त्या सदरावर, आलेला प्रस्ताव महिनोन्महिने पडून राहतो, आणि तो हलवण्यासाठी दुसऱ्या लेखाशीर्षातील रक्कम वर्गीकरणाने वळवावी लागते. हे बाहेरच्या माणसाला कळले तर तो अचूक ठिकाणी अचूक मागणी करू शकतो. आमच्या गल्लीतील पावसाळी पाण्याच्या वाहिनीबाबत नेमके असे घडले. एप्रिलच्या अंकात त्या ओळीपुढे शिल्लक नसल्याचे कारण होते. इमारतीतील आम्ही काही जणांनी “काम करा” असा नेहमीचा अर्ज केला नाही. प्रभागातील एका अखर्चित राहिलेल्या सुशोभीकरणाच्या तरतुदीतून रक्कम वर्ग करण्याचा प्रस्ताव मांडावा, असे निवेदन आम्ही दिले. जूनच्या अंकात तो प्रस्ताव स्थायी समितीपुढे असल्याची नोंद आहे. काम अजून झालेले नाही, हेही स्पष्ट सांगते.

तक्त्यावर विसंबण्यापूर्वी मी त्याची पडताळणी केली. एप्रिलच्या तक्त्यातील सहा कामे निवडून मी क्षेत्रीय कार्यालयात त्यांची स्थिती विचारली; जेथे तोंडी उत्तर मिळाले नाही तेथे दहा रुपयांचे शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज केला, ज्याचे उत्तर कायद्याप्रमाणे ३० दिवसांत द्यावे लागते. सहापैकी पाच नोंदी जुळल्या. सहावी होती एका रस्त्याच्या डांबरीकरणाची. काम पूर्ण म्हणून दाखवलेले होते, प्रत्यक्षात शेवटचा थर बाकी होता. मी ते मासिक बैठकीत सांगितले, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. “काकू, मला अभियंत्यांनी तोंडी सांगितले आणि मी ते तपासले नाही. पुढच्या वेळी मोजमाप पुस्तकातली नोंद पाहिल्याशिवाय पूर्ण असे लिहिणार नाही,” असे त्या म्हणाल्या, आणि मेच्या अंकात ती ओळ मागच्या टप्प्यावर नेलेली होती. जूनची दुरुस्ती त्यानंतरची. चार अंकांत दोन चुका आणि दोन्ही छापून सुधारलेल्या, हा हिशोब मला स्वीकारार्ह वाटतो. फक्त तोंडी माहिती आणि कागदावरील माहिती यांसाठी तक्त्यात दोन वेगळ्या खुणा असाव्यात, अशी माझी सूचना आहे.

पूर्ण झालेल्या रस्त्यांच्या ओळीत आणखी एक गोष्ट हवी आहे. ठेकेदारावर दुरुस्तीची जबाबदारी किती काळ आहे, म्हणजे दोष दायित्व कालावधी कधी संपतो, ती तारीख. त्या मुदतीत खड्डा पडला तर तो बुजवण्यासाठी महानगरपालिकेचा पैसा खर्च होता कामा नये. ही तारीख रहिवाशांना माहीत असेल तर पॅचवर्कचा नवा प्रस्ताव येताच कोणीतरी हटकेल.

एप्रिलचा अंक अंदाजपत्रकाला वाहिलेला होता आणि तो चारही अंकांत सर्वांत कष्टाने लिहिलेला आहे. आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीला सादर करतात, १६ सदस्यांची ती समिती त्यात बदल सुचवते आणि मग ते सर्वसाधारण सभेपुढे येते, हा क्रम त्यात चांगला सांगितला आहे. महसुली आणि भांडवली खर्चातील भेद समजावण्यासाठी दिलेले उदाहरण तर मला विशेष आवडले: पाण्याच्या टाकीचे बांधकाम भांडवली खर्चात येते, पण ती टाकी रोज भरण्यासाठी लागणारी वीज, रसायने आणि चावीवाल्याचा पगार महसुली खर्चात येतो, म्हणून नवी टाकी मागताना तिच्या रोजच्या खर्चाची सोय कोठून होणार हेही विचारले पाहिजे. इतक्या सोप्या शब्दांत ही गोष्ट मी माझ्या नोकरीतही कोणाकडून ऐकली नव्हती.

तरीही त्या अंकात एक मोठी उणीव राहिली. प्रभागासाठी कोणत्या कामाला किती तरतूद झाली याची यादी दिली आहे, पण मागील वर्षी त्याच कामांसाठी किती तरतूद होती आणि त्यांपैकी प्रत्यक्ष किती खर्च झाला, हे दोन आकडे नाहीत. तरतूद म्हणजे तिजोरीतील रोकड नसते. ती खर्च करण्याची अनुमती असते, आणि अपेक्षित उत्पन्न आले नाही तर अनुमती कागदावरच राहते. ज्या वाचकाला हे ठाऊक नाही तो यादी वाचून आनंदतो आणि मार्चमध्ये निराश होतो. मी हे पत्राने कळवले आहे. पुढील वर्षीच्या अंकात तरी हे दोन खाने असावेत.

मिळकतकराविषयीचे अर्धे पान उपयुक्त आहे. कर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर अशा दोन सहामाह्यांत देय होतो, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, आणि आकारणी चुकीची वाटत असेल तर बिल बाजूला ठेवून गप्प बसण्यापेक्षा लेखी हरकत घ्यावी, हे सारे त्यात आहे. यावर मला अधिक काही लिहायचे नाही.

दुसऱ्या पानावरील “हे काम कोणाचे?” हे सदर लोकांमध्ये सर्वाधिक प्रिय आहे असे दिसते. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली आणि तीत नागरी स्थानिक संस्थांसाठी १८ विषय नोंदले. परंतु शहरात राहणाऱ्या माणसाच्या सगळ्या अडचणी त्या १८ विषयांत बसत नाहीत. खांबावरचा दिवा महानगरपालिकेचा, घरातील वीज महावितरणची, शिधापत्रिका राज्याच्या पुरवठा खात्याची, शहरातून जाणारा राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. वाहतूक नियंत्रण दिवा उभारते महानगरपालिका आणि चौकातील वाहतूक सांभाळतात पोलीस. दर महिन्याला अशा सात-आठ गोष्टी घेऊन अर्ज कोठे करायचा, किती दिवसांत उत्तर अपेक्षित आहे आणि उत्तर न मिळाल्यास अपील कोणाकडे, हे दिले जाते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत असते, ती पाळली गेली नाही तर दोन अपिले आणि त्यानंतर आयोगाकडे दाद अशी व्यवस्था आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ही माहिती मार्चच्या अंकात आली तेव्हा आमच्या इमारतीतील एका कुटुंबाचा मिळकत हस्तांतरणाचा अर्ज अनेक महिन्यांपासून पडून होता. त्यांनी प्रथम अपील केले आणि नोंद झाली. नगरसेविकेला त्यासाठी दूरध्वनीही करावा लागला नाही. आपल्या शब्दाशिवाय, आपल्या शिफारसपत्राशिवाय लोकांची कामे व्हावीत अशी माहिती लोकप्रतिनिधीने द्यावी, याला मनाचा मोठेपणा लागतो.

आता ज्या गोष्टीने माझे समाधान झालेले नाही तिच्याकडे येते, आणि ती गोष्ट लहान नाही. सभागृहात काय ठरले हे पत्र सांगते. आमच्या सदस्यांनी तेथे कोणती भूमिका घेतली हे सांगत नाही. मेच्या अंकात कचरा संकलनासाठीच्या उपयोगकर्ता शुल्काविषयी एवढेच वाक्य आहे: “सर्वसाधारण सभेने प्रस्ताव बहुमताने मंजूर केला.” बहुमत म्हणजे कोण? नगरसेविकेने बाजूने मत दिले, विरोधात दिले, तटस्थ राहिल्या, की सभेत उपस्थितच नव्हत्या? उपसूचना, म्हणजे प्रस्तावात बदल सुचवणारी सूचना, मांडली होती का? शुल्काच्या बाजूने मत दिले असेल तर त्यामागेही सबळ कारण असू शकते; घनकचऱ्याची व्यवस्था फुकट चालत नाही हे मला मान्य आहे. पण ते कारण मतदारांना सांगितले पाहिजे. तक्त्यात कामाची स्थिती इतक्या काटेकोरपणे देणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या मताबाबत कर्ता नसलेले वाक्य लिहावे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

येथे जुनी गोष्ट आठवते. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर पालिकेचा पैसा खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले, आणि आज इतक्या वर्षांनंतर आपल्याला ते माहीत आहे. प्रस्ताव तर मंजूरच झाला होता. तरीही कोण कोणत्या बाजूला होते याची नोंद राहिली, म्हणून त्या सभेला अर्थ राहिला. पत्रात “या महिन्यात मी असे मत दिले” या शीर्षकाचे पाव पान ठेवावे, प्रत्येक महत्त्वाच्या ठरावापुढे आपले मत आणि एका वाक्यात कारण द्यावे, आणि सभेला किती वेळ उपस्थिती होती तेही लिहावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. सभेचे इतिवृत्त कायम होऊन उपलब्ध व्हायला वेळ लागतो आणि ते मिळवणे सर्वांना जमत नाही. सदस्याने स्वतः सांगणे हा सर्वांत जवळचा मार्ग आहे.

या मागणीला आणखी एक कारण आहे. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो. उरलेल्या २८ महानगरपालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत आणि आमच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागांवर चार सदस्य आहेत. चौघांचे क्षेत्र एकच, मतदार तेच, पक्ष मात्र सारखाच असेल असे नाही. मग रस्ता कोणी मंजूर करून आणला, कोणी अडवला, कोणाला विचारायचे, याचा गोंधळ रोजचा असतो. मार्च आणि एप्रिलच्या अंकांत इतर तीन सदस्यांचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे तक्त्यातील सगळी कामे एकाच व्यक्तीच्या प्रयत्नाने चालली आहेत असा समज होत होता. मेपासून “मागणी कोणाची” असा खाना आला असून त्यात इतर सदस्यांची नावेही प्रामाणिकपणे दिली जातात. ही सुधारणा कोणाच्या सांगण्यावरून झाली हे मला ठाऊक नाही. झाली याचा आनंद आहे. चौघांनी मिळून एकच पत्र काढले तर खर्च वाचेल आणि रहिवाशांना चारही मते एका कागदावर दिसतील. तसे होईपर्यंत हा खाना टिकावा.

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी समाजमंदिरात होणारी बैठक हा या सेवेचाच भाग आहे, म्हणून तिचाही उल्लेख करते. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेच्या काळात महाराष्ट्राने महानगरपालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे एका भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद घातली, परंतु मी या भागात ३० वर्षे राहत असून एकदाही क्षेत्रसभा भरलेली पाहिलेली नाही. ही बैठक कायद्यातील क्षेत्रसभा नाही. तरी तिच्यात विचारलेला प्रत्येक प्रश्न नोंदवहीत क्रमांकाने लिहिला जातो आणि त्याचे उत्तर पुढील अंकात त्याच क्रमांकाने येते. मी आतापर्यंत तीन प्रश्न विचारले. पाण्याच्या वेळेविषयीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर आले: आमच्या भागाला कोणत्या टाकीतून पाणी येते, दाब कमी का असतो, आणि दरडोई १३५ लिटरच्या मानकाशी तुलना करता प्रत्यक्ष किती मिळते. उद्यानातील बंद दिव्यांविषयीच्या प्रश्नाला दिवे सुरू होऊनच उत्तर मिळाले. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित असलेल्या भूखंडाविषयीचा माझा तिसरा प्रश्न मात्र दोन अंक उलटले तरी “माहिती मागवली आहे” या शेऱ्यावर थांबलेला आहे. आरक्षणात फेरबदलाचा प्रस्ताव आला तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार हरकती व सूचनांसाठी साधारण एक महिनाच मिळतो, आणि ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. मासिकाच्या वेगाने चालणारे पत्र येथे अपुरे पडेल. अशा मुदतीच्या सूचना त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवाव्यात आणि इमारतींच्या सूचनाफलकांवर लावाव्यात.

एका चुकीबद्दल मला कडक शब्दांत लिहावे लागेल. एप्रिलच्या अंकात तक्रार निवारणाचे उदाहरण म्हणून एका रहिवाशाच्या अर्जाचे छायाचित्र छापले होते आणि त्यात अर्जदाराचे नाव, घर क्रमांक आणि मोबाइल क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. अर्ज अनधिकृत बांधकामाविरुद्ध होता. अशा तक्रारदाराची ओळख उघड होणे म्हणजे त्याला शेजाऱ्यांच्या रोषासमोर उभे करणे. नगरसेविकेने त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली असे समजले आणि त्यानंतर पत्रात अर्जांची छायाचित्रे येत नाहीत. पण छापून वाटलेला कागद परत घेता येत नाही, हे पत्र तयार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

वितरणाचा प्रश्नही सुटलेला नाही. पत्र मोठ्या सोसायट्यांमध्ये नियमित पोहोचते. ओढ्याच्या पलीकडील वस्तीत, जेथे वृत्तपत्र घेणारी घरे थोडी आहेत, तेथे मार्च आणि एप्रिलचे अंक गेलेच नाहीत. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाई त्या वस्तीत राहतात. नालेसफाई, सार्वजनिक स्वच्छतागृह, पावसाळ्यातील तात्पुरते स्थलांतर या मेच्या अंकातील सर्व विषयांचा संबंध प्रथम त्यांच्याशी होता, आणि तो अंक त्यांना माझ्याकडून मिळाला. जूनपासून अंगणवाडी आणि किराणा दुकानात प्रती ठेवायला सुरुवात झाली आहे, व बाईंच्या सांगण्याप्रमाणे दुकानातला गठ्ठा दोन दिवसांत संपला. प्रतींची संख्या वाढवायची असेल तर सोसायट्यांमध्ये प्रत्येक घरी छापील अंक देण्याऐवजी प्रत्येक जिन्यात एक प्रत लावली तरी पुरे; आमच्यापैकी बहुतेकांकडे पीडीएफ आलेलीच असते.

हे पत्र पाच वर्षे चालेल का, असे मला काही जणांनी विचारले. मुदत संपताना निघणारे गुळगुळीत कागदावरचे कार्यअहवाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांत पूर्ण झालेलीच कामे असतात आणि ती तपासण्याची वेळ निघून गेलेली असते. चालू कामाची माहिती काम चालू असताना देणे कितीतरी अवघड, कारण प्रत्येक ओळ महिन्याभरात कोणीतरी जाऊन तपासू शकतो. म्हणून मी मार्चपासूनचे अंक फाइलला लावून ठेवले आहेत, आणि आमच्या जिन्यातील आणखी दोघींनी तक्त्यातील चार-चार ओळी दर महिन्याला प्रत्यक्ष पाहून येण्याचे काम वाटून घेतले आहे.

जुलैच्या अंकासाठी मी नगरसेविकेला दोन गोष्टी लेखी कळवल्या आहेत: मतांचे पाव पान सुरू करावे, आणि मैदानाच्या भूखंडाबाबतच्या प्रश्नाला तारखेसह उत्तर द्यावे. दोन्ही निवेदनांना नोंदवहीतील क्रमांक मिळाले आहेत.